विहिरीतलं झाड आणि आजोबांचं लाकूड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मध्यप्रदेशातल्या घुघवा इथल्या दगड झालेल्या झाडांवर दोन पानं लिहिली होती. डिंडोरी जिल्ह्यातलं हे छोटंसं नॅशनल पार्क, १९८३ ला जाहीर झालेलं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताडांची खोडं तिथं उघड्यावर पडलीयत. त्यानंतर मराठवाड्यातून इतकी पत्रं, मेसेज आणि फोटो आले की हा पूर्ण कॉलम त्यांनाच द्यायचं ठरवलं. तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली, पण आपल्या भागातून या विषयावर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं.

प्रश्न : मॅडम नमस्कार. जिंतूर तालुक्यात आमची विहीर खोदायलेत. चाळीस फुटावर काळा दगड संपला, मग हातभर तांबडी माती लागली, त्याच्या खाली परत दगड. त्या दगडाची एक कपार उघडली तर आत काळ्या रंगाचं झाड, फांद्या न फांद्या दिसतात, जणू कोणी पेनानं काढलंय. शाळेतले सर म्हणले हे नेच्याचं जीवाश्म आहे. गावातले लोक बघायला यायलेत, काहींनी हळदकुंकू पण वाहिलं. फोटो पाठवलाय. हे खरंच जुन्या जंगलातलं झाड आहे का?

उत्तर : दादा, फोटो मोठा करून दोनतीनदा बघितला, आणि तुम्हाला वाईट वाटेल पण हे झाड नाही. दगडाच्या बारीक भेगेत पाणी झिरपतं, त्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं असतं, ते भेगेत पसरत पसरत बसतं आणि त्याची अशी फांद्याफांद्यांची नक्षी तयार होते, काचेवर साचलेल्या धुळीत पाण्याचा ओघळ फुटत जातो ना तसं काहीसं. तुमच्या सरांचा अंदाज चुकला यात त्यांचा दोष नाही, भले भले फसतात, वेरूळ अजिंठ्याकडं दुकानात जे झाडाचं अकीक विकतात त्यातलं झाड पण याच जातीचं.

ओळखायचं कसं ते सांगते. नेच्याच्या पानाला मधे एक शीर असते, तिच्या दोन्ही बाजूंना पर्णिका ठराविक अंतरावर, ठराविक कोनात, टोकाकडं लहान लहान होत जातात, आणि प्रत्येक पर्णिकेत परत बारीक शिरा. तुमच्या फोटोत मधली शीर कुठंच नाही, फांद्या वाटेल तशा फुटल्यात, आणि सगळ्या भेगेच्या कडेपासून आत गेल्यात. झाड बुंध्यापासून वाढतं, हे भेगेच्या कडेपासून वाढलंय. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर त्यातून बघा, पेशी नाहीत, नुसते काळे दाणे दिसतील.

आता तुमच्या पत्रातली खरी मोलाची गोष्ट, जी तुम्ही एका ओळीत सांगून टाकलीत : हातभर तांबडी माती. आपला मराठवाडा बहुतेक सगळा लाव्हाच्या थरांवर बसलाय, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थंड झाला, काही काळ गेला, परत वाहिला, असं कितीतरी वेळा. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर नॅशनल जिओफिजिकल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्टच, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा हा आपला काळा दगडच होता, मग थोडा गाळाचा थर आणि त्याच्या खाली एकदम जुना खडक. म्हणजे किल्लारीच्या माणसाच्या पायाखाली शंभर मजली बिल्डिंगएवढा लाव्हा आहे. लाव्हाच्या आत झाड टिकत नाही, जळून जातं, म्हणून आपल्या काळ्या दगडात जीवाश्म शोधणं म्हणजे चुलीतल्या राखेत पान शोधणं. पण दोन लाव्हांच्या मधे जो काळ गेला त्यात माती झाली, तळी साचली, झाडं उगवली, मासे गोगलगाई राहिल्या, आणि पुढचा लाव्हा येऊन त्यावर झाकण पडलं. तुमची तांबडी माती म्हणजे असाच मधला काळ, जुन्या लाव्हाचा वरचा भाग कुजून झालेला. नुसत्या लाल मातीत सहसा काही सापडत नाही, पण तिच्या जवळपास जर राखाडी, पांढरट, गारगोटीसारखा घट्ट आणि थराथराचा दगड लागला तर तो फोडू नका, आधी फोटो काढा, किती फुटावर लागला ते लिहा, शंखशिंपल्याचे बारीक आकार दिसतात का बघा. तळ्यातला गाळ गारगोटी झाला की त्यात झाडं सापडायची शक्यता असते. विहिरीचं खोदकाम चालू आहे तोवरच हे बघता येतं, एकदा बांधकाम झालं आणि पाणी भरलं की संपलं, म्हणून घाईनं लिहितेय, अंक निघायच्या आधी फोनवर पण सांगितलंय.

आणि हळदकुंकवाचं, वाहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. फक्त दगड घासून धुवू नका, ती नक्षी पण सुंदर आहे, जपून ठेवा, खाली लिहून ठेवा की ही मँगनीजची आहे.

प्रश्न : मी नांदेडला बीएस्सी सेकंड इयरला आहे. पुस्तकात लिहिलंय की लाकडाच्या जागी सिलिका येते आणि लाकूड दगड होतं. पण मला हे समजत नाही की लाकूड कुजून गेल्यावर जागा रिकामी झाली आणि त्यात दगड भरला, तर मग आतल्या पेशी कशा दिसतात? मग तर नुसता साचा दिसायला पाहिजे ना?

उत्तर : बेटा, अगदी बरोबर जागी अडकलीस. लाकूड आधी कुजून जातं आणि मग दगड भरतो असं समजलं तर साचाच मिळेल, आणि तसे साचे मिळतात पण. पेशी दिसतात ते लाकूड कुजायच्या आधीच सिलिका, म्हणजे गारगोटी जिची बनते ती, आत शिरली म्हणून. झाड तळ्यात पडलं, गाळात गाडलं गेलं, तिथं ऑक्सिजन नाही म्हणून कुजणं अगदी हळू झालं, आणि त्याच वेळेला आजूबाजूचा ताजा बेसॉल्ट झिजत होता, त्यातून सुटलेली सिलिका पाण्यात विरघळून लाकडाच्या प्रत्येक पोकळीत, पेशीच्या भिंतीत जाऊन बसली. कापडाला खळ घालतात तसं समज, धागे आहेत तिथंच आहेत पण आता त्यात खळ भरलीय. नंतर मूळ लाकडाचा अंश हळूहळू गेला, कधी थोडा राहिलाही, पण तोवर प्रत्येक भिंतीची नक्कल पक्की झाली होती.

सिलिका झाडाला परकी नाही हे पण लक्षात घे. ज्वारी काढताना पानानं हात चिरतो का नाही? ते पान धारदार कशानं होतं, तर गवताच्या कुळातली झाडं जमिनीतून सिलिका ओढून पेशीपेशीत तिचे बारीक खडे तयार करतात, म्हणजे काच जवळजवळ. पान कुजलं तरी ते खडे मातीत राहतात आणि गवतांच्या वेगवेगळ्या गटांच्या खड्यांचे आकार वेगळे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथं डायनोसोरच्या काळातल्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे तपासले तर आत गवताचे हे खडे निघाले, २००५ मधे ते प्रसिद्ध झालं आणि जगभर चर्चा झाली, कारण तोवर बहुतेकांचं मत होतं की डायनोसोर गेल्यानंतर गवत आलं. ज्वारीच्या पानानं हात चिरतो त्याच गोष्टीनं हे सिद्ध झालं. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा शेतकऱ्यांची लेकरं एकदम ताठ बसायची, त्यांनी ते पान हाताळलेलं असायचं.

पेशी प्रत्यक्ष बघायच्या असतील तर दगडाचा तुकडा कापून काचपट्टीवर चिकटवतात आणि घासत घासत इतका पातळ करतात की उजेड आरपार जातो, मिलिमीटरच्या साधारण तेहतिसाव्या भागाइतका. काही लॅबमधे हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं सिलिका किंचित खाऊन वर फिल्म चढवून ती सोलून काढतात. ते ॲसिड तू कॉलेजात हात लावायचं नाहीस, कोणी देतो म्हटलं तरी नाही, कातडीतून आत जातं आणि हाडापर्यंत पोचतं. घासायचं काम मात्र धीर असेल तर कोणीही शिकू शकतं.

आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानबद्दल वाच. तिथल्या गारगोटीत फुलं, फळं, बिया, ताडाची खोडं, पाणनेचे असं सगळं पेशींसकट सापडलंय. एका फळाला जीवाश्म झाडांचे मोठे अभ्यासक बिरबल साहनींनी एनिग्मोकार्पॉन नाव दिलं, म्हणजे कोड्यातलं फळ. तिथं निपा नावाच्या ताडाचं फळ पण मिळालं, हा ताड आज सुंदरबनसारख्या खाऱ्या चिखलाच्या जागी वाढतो, त्यावरून अभ्यासकांनी म्हटलं की तेव्हा समुद्राचा फाटा आत मध्य भारतापर्यंत आला असणार. एका फळावरून समुद्र! साहनींनी लखनौला या विषयाची संस्था उभी केली, ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंच्या हातून कोनशिला बसली, त्या शिलेतच जीवाश्म बसवलेले आहेत, आणि पुढच्या आठवड्यात १० एप्रिलला साहनी गेले. संस्थेची इमारत पाहायला ते राहिले नाहीत, मला दरवेळी हे सांगताना गलबलून येतं. तुझ्या नांदेडलाच विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथं जाऊन स्लाईड दाखवा म्हण.

प्रश्न : शाळिग्राम हे झाडाचं जीवाश्म आहे असं ऐकलं, खरं का? (अंबाजोगाई)

उत्तर : नाही. गंडकी नदीतला शाळिग्राम म्हणजे समुद्रात राहणाऱ्या अमोनाईट नावाच्या प्राण्याच्या कवचाचं जीवाश्म, आतलं चक्र म्हणजे त्या कवचाचे वेढे. हिमालय उचलला जायच्या आधी तिथं समुद्र होता.

प्रश्न : मी लातूरला राहते, मुलगा सातवीत आहे. तुमचा लेख वाचल्यापासून त्याला जीवाश्म गोळा करायचेत, रोज डोकं खातो. कुठं न्यावं, काय काय घ्यावं लागतं, आणि कोणी हरकत तर घेणार नाही ना? ऑनलाइन पॉलिश केलेले तुकडे मिळतात ते घेऊन दिले तर चालेल का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. ऑनलाइन घेऊ नका. तो तुकडा कुठल्या देशातल्या कुठल्या नाल्यातून आला हे विकणाऱ्यालाच माहिती नसतं, आणि जागा माहिती नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता फाटलेलं पत्र, दिसायला छान पण कोणाचं कोणाला ते कळत नाही.

मी स्वतः हे फार महाग शिकलेय. एम्एस्सीला असताना विदर्भातल्या एका कोळसा खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगातून परवानगी काढून आम्ही ग्लोसोप्टेरिस नावाच्या फार जुन्या झाडाची पानं गोळा केली होती, जिभेसारखं लांबट पान, मधे जाड शीर आणि जाळीदार शिरा, करड्या शेलच्या, म्हणजे चिखलाच्या पापुद्र्यांच्या दगडावर काळंभोर उमटलेलं. बत्तीस तुकडे होते. प्रत्येकाबरोबर कागदाची चिठ्ठी. नोकरी लागल्यावर खोकं कॉलेजच्या स्टोअरमधे ठेवलं, दोन पावसाळे गेले, आणि उघडलं तर वाळवीनं सगळ्या चिठ्ठ्या खाल्लेल्या, पानं जशीच्या तशी. कुठला तुकडा कुठल्या थराचा, कुठला वरचा कुठला खालचा, काहीच सांगता येईना. अभ्यासाच्या दृष्टीनं ते बत्तीस तुकडे त्या दिवशी गेले. आज पण त्यातला एक टेबलावर आहे आणि बघितला की पोटात तुटतं.

म्हणून मुलाला हातोडीच्या आधी वही घेऊन द्या. दगड उचलायच्या आधी जागेवरच फोटो काढायचा, बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून. मग मोबाईलवरून अक्षांश रेखांश, गाव, नाल्याचं किंवा शेताचं लोकांमधे चालतं ते नाव, जमिनीपासून किती खाली, दगड थरात बसलेला होता का सुटा पडलेला, तारीख. घरी आल्यावर दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, तो वाळला की त्यावर बारीक पेनानं नंबर, आणि तोच नंबर वहीत. चिठ्ठी हरवते, दगडावरचा नंबर हरवत नाही. गारगोटीसारखा दगड पाण्यानं धुतला तर चालतो, पण शेलवरचं पान कधीही धुवू नका आणि उन्हात पण ठेवू नका, पापुद्रे सुटतात, वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत हळू वाळू द्या. वर वार्निश मारू नका, चमकतं खरं पण खालचं बारीक काही दिसत नाही. फोडायची वेळ आलीच तर डोळ्याला गॉगल पाहिजेच, गारगोटीची कपची काचेसारखी उडते.

कुठं न्यायचं? घुघव्याला नेऊन दाखवा, उचलायला मात्र तिथं एक खडा पण परवानगी नाही, नॅशनल पार्क आहे. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म पार्क आहे, डायनोसोरच्या काळातली खोडं आहेत, तिथंही बघायचंच. नांदेडहून पुढं गेलेली आपली गोदावरी तिथं जवळच प्राणहितेला भेटते, ते पण दाखवा. कोळसा खाणीच्या ढिगावर मॅनेजमेंटची लेखी परवानगी नसेल तर जाऊ नका, ढीग घसरतात. शेतात किंवा विहिरीवर असेल तर मालकाला विचारून. आणि थराच्या आत रुतलेलं काही महत्त्वाचं वाटलं तर उपटू नका, जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. सातवीतल्या पोराला सुरुवातीला घराजवळचंच द्या : मांजरा नदीचा काठ. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या जुन्या गाळात हत्तीसारख्या प्राण्यांची हाडं सापडलेली आहेत, झाडं नाहीत, पण थर कसे वाचायचे ते तिथं डोळ्यांनी शिकता येतं.

प्रश्न : गंगाखेडजवळ गोदाकाठच्या काळ्या मातीत मुळ्यांसारखे पांढरे दगड निघतात, बोटाएवढे जाड, आतून काही पोकळ. ही झाडाची मुळं आहेत का दगड?

उत्तर : यांच्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी, आणि मला खात्री आहे फसफसेलच. पावसाचं पाणी मातीत मुरताना चुना विरघळून घेतं आणि खाली जिवंत किंवा मेलेल्या मुळाभोवती तो साचतो, मूळ कुजून जातं, पोकळ नळी उरते. म्हणजे मूळ नाही पण मुळाची जागा नक्की, आणि तशी बरीच अलीकडची, कोटी वर्षांच्या हिशोबातली नाही. आडवा छेद घेऊन भिंगातून बघा, लाकडाच्या पेशी दिसणार नाहीत. तरीपण टाकून देऊ नका, त्या जागी कधी झाडी होती का गवत होतं हे सांगायला अभ्यासक अशा नळ्या बघतात.

प्रश्न : राग मानू नका पण स्पष्ट विचारतो. बीड जिल्ह्यात प्यायला टँकर येतो आणि तुम्ही झाडांच्या दगडावर पानंच्या पानं लिहिता. याचा माणसाला काय उपयोग?

उत्तर : राग कशाचा काका, टँकरच्या रांगेत मी पण उभी राहिलेय. दोन गोष्टी सांगते. परळीच्या थर्मलमधे जो कोळसा जळतो तो झाडं आहेत. भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या ग्लोसोप्टेरिसच्या जंगलांचा आहे, मी वर सांगितलं तेच जिभेसारखं पान. तुमच्या घरातला बल्ब त्या जंगलावर लागायचा आणि अजून लागतो. कोळशाचा कुठला थर कुठं आहे, इथला आणि तिथला थर एकच का वेगळा, हे शोधताना पानं आणि परागकण बघतात, ते हौसेचं काम नाही.

दुसरी पाण्याची. विहीर कुठं लागेल हे लाव्हाच्या दोन थरांच्या मधे काय आहे त्यावर ठरतं, थराच्या वरच्या बाजूचा सच्छिद्र मांजऱ्या दगड पाणी धरतो, तांबडी चिकणमाती पाणी अडवते. जो माणूस जुन्या तळ्याचा थर ओळखायला शिकतो तो हे पण ओळखायला शिकतो, डोळा एकच लागतो. मी जिंतूरच्या दादांना तांबड्या मातीबद्दल एवढं का लिहिलं ते आता लक्षात येईल.

आणि तिसरी, उपयोगाची नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण ध्रुवावरून परत येताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ मधे बर्फात मेले. खायला संपलेलं, पाय गारठून गेलेले, तरी त्यांनी स्लेजवरचे ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो दगड टाकून दिले नव्हते. शोधायला गेलेल्यांना ते दगड मृतदेहांजवळ मिळाले, आणि त्यात ग्लोसोप्टेरिस होतं. तेच पान, चंद्रपूरच्या खाणीतलं, जिथं आज जवळजवळ सगळीकडं बर्फच बर्फ आहे त्या अंटार्क्टिकात. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि तो बर्फाचा खंड कधीकाळी एक जमीन होती याचा हा सज्जड पुरावा ठरला, आणि त्या जमिनीला नाव काय मिळालं, तर आपल्या गोंडांच्या मुलखावरून, गोंडवनलँड. काका, मेलेली माणसं जे सोडायला तयार नव्हती ते आपल्या शेजारच्या विदर्भात ढिगावर पडलंय, म्हणून लिहिते.

प्रश्न : मी किनवटचा. आजोबा ८४ वर्षांचे आहेत, तरुणपणी सिरोंचाकडं जंगलात लाकूडतोडीच्या कामाला होते. तिकडून आणलेला लाकडासारखा दिसणारा दगड घरात आहे, आम्ही त्यावर नारळ फोडतो. हा जीवाश्म आहे का आणि याचं काय करावं?

उत्तर : नारळ फोडणं आजपासून बंद करा, आधी एवढं.

तुझ्या दुसऱ्या फोटोत तुटलेलं टोक आहे त्यात वर्तुळं दिसतायत आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या बारीक रेघा पण. मला हे दगड झालेलं लाकूडच वाटतंय. खात्रीसाठी तीन गोष्टी कर : चाकूच्या टोकानं ओरखडा काढून बघ, सिलिका असेल तर दगडावर ओरखडा उठणार नाही, उलट चाकूचं लोखंड घासून त्याची रेघ उमटेल. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत दगड बुडवून सांडलेलं पाणी मोज, शंभर मिलीला अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन भरलं तर सिलिका, साधं लाकूड पाण्यावर तरंगतं आणि बेसॉल्ट याच्यापेक्षा जड असतो. मग टोक ओलं करून भिंगातून बघ. एकसारख्या बारीक चौकोनी पेशींच्या रांगाच रांगा दिसल्या आणि मधे मोठी भोकं अजिबात नसली तर ते सूचिपर्णी झाड, फुलझाडं यायच्या आधीच्या जंगलातलं असू शकतं. मोठी गोल भोकं विखुरलेली दिसली तर फुलझाड. सगळीकडं ठिपकेच ठिपके आणि वर्तुळं नाहीत तर ताड, पण तुझ्यात वर्तुळं आहेत.

आता मुख्य काम, ते आजच कर. आजोबांजवळ बस आणि विचार की हा कुठून उचलला. गावाचं नाव, नाल्याचं नाव, कुठल्या ठेकेदाराच्या कुपात (तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात), नदीपासून किती चालत, पडलेला होता का जमिनीत रुतलेला, आजूबाजूला असे अजून होते का, माती कसल्या रंगाची होती. नाव गोंडीत किंवा तेलुगूत सांगितलं तर तसंच लिही, मराठी करू नकोस. मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड कर. एकदम आठवणार नाही, दोनतीन दिवस थोडं थोडं विचार, सकाळी चहाच्या वेळेला म्हाताऱ्या माणसाला जास्त आठवतं. मग दगडावर नंबर घाल, वहीत तो नंबर आणि आजोबांचं बोलणं, आणि त्या वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, दगड नंतर बघू.